बागडे काकांचा दुभाषी फासा

बागडे काका ऐकताना डोळे मिटून घ्यायचे. नवख्या माणसाला वाटायचं, यांना डुलकी लागली. तो बोलायचा थांबला की काका तसेच, डोळे न उघडता म्हणायचे, "थांबू नको. तुझं शेपूट राहिलं." आणि खरंच काहीतरी राहिलेलं असायचं. माणूस ओशाळून ते सांगून टाकायचा, आणि बहुतेक वेळा सगळ्यात महत्त्वाचं तेच असायचं.

पांढुर्ण्याला त्यांचं घर आमच्या घराला लागून होतं. मधे कमरेएवढी भिंत. रोज सकाळच्या बसनं ते सौंसरला जायचे आणि कचेरीच्या रस्त्यावर, एका कडुलिंबाखाली, लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. आमच्याकडे घरात, बाजारात, भांडणात मराठी चालते, पण राज्य भोपाळचं, म्हणून कागद हिंदी मागतो. काका म्हणायचे, "लोकं रडते मराठीत, आन् अर्ज लागते हिंदीत. मधात मी बसून राहिलो." अर्ज लिहून झाला की तो माणसाला परत मराठीत सांगायचे आणि विचारायचे, "हेच म्हणून राहिला होता ना बापा?" तो नाही म्हणाला तर कागद फाडून नवा घ्यायचे.

त्यांच्या शेजारी बसणारा दुसरा एक अर्ज लिहिणारा असं काही विचारत नसे. त्याची एक गोष्ट काका नेहमी सांगायचे. एका म्हातारीला मुलगा मारायचा. ती त्या माणसाकडे गेली आणि म्हणाली, "माह्या पोराले शिक्षा द्या." त्यानं तसंच्या तसं हिंदीत उतरवलं, लड़के को शिक्षा दी जाए. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. महिन्याभरानं म्हातारीला वरून कळवण्यात आलं की मुलाचं नाव प्रौढांच्या रात्रशाळेत घातलं आहे. ती कागद घेऊन काकांकडे आली. काका हसले नाहीत. त्यांनी नवा अर्ज लिहिला आणि त्यात 'शिक्षा'च्या जागी 'दंड' घातला. गोष्ट संपली की ते म्हणायचे, "दोघंही खरं बोलून राहिले होते, पोरी. म्हणून तर घोळ झाला."

मला ते 'पोरी' म्हणायचे. मी नागपूरला कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात वाढले आणि बी.ए. करून नुकतीच घरी आले होते. मराठी मला समजायची, पण बोलायची वेळ आली की ती आधी आत जायची, इंग्रजीतून कपडे बदलून यायची, तोवर समोरचा दुसऱ्याशी बोलायला लागलेला असे. शेजारच्या बायका माझ्याशी मोठ्यानं बोलायच्या, मी बहिरी असल्यासारखं. काका मोठ्यानं बोलत नसत. हळू बोलत, आणि माझं वाक्य अडलं तर शब्द पुरवत नसत. भिंतीपलीकडे डोळे मिटून उभे राहत. पुढे मी खूप शिकलेली माणसं पाहिली, पण इतकं थांबता येणारं कोणी पाहिलं नाही.

खेळाचा तो खोका माझ्या आतेभावानं अमेरिकेहून माझ्या धाकट्या भावासाठी आणला होता. भाऊ इंजिनिअरिंगला गेला आणि खोका माझ्या टेबलावर पडून राहिला. आत दोन पातळ पुस्तकं, पेन्सिली आणि विचित्र फासे. चार तोंडांचा, आठ तोंडांचा, वीस तोंडांचा. एका संध्याकाळी काका काहीतरी द्यायला आले आणि वीस तोंडांचा फासा उचलून बराच वेळ दिव्यासमोर फिरवत बसले. "हे म्हणजे कसं?" त्यांनी विचारलं. हा त्यांचा आवडता प्रश्न होता.

मी अडखळत सांगितलं. पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे गोष्टीतली माणसं होतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी एल्फ. काय करायचं ते आपण सांगायचं, जमलं की नाही ते फासा सांगतो.

"एल्फ म्हणजे कसं?"

"जंगलात राहतात. कान लांब असतात. जास्त बोलत नाहीत."

"म्हणजे तू," काका म्हणाले.

त्यांनी ते पुस्तक माझ्याकडून वाचून घेतलं. आठवडाभर, रोज थोडं. लढाईची पानं त्यांनी भराभर उलटवायला लावली. एका पानावर मात्र ते थांबले. तिथं लिहिलं होतं की या जगात बुटक्यांची भाषा वेगळी, एल्फांची वेगळी, राक्षसांची वेगळी, पण खेळ अडू नये म्हणून सगळ्यांना येणारी एक सामाईक भाषा आहे.

"सगळ्यांले येते?" काकांनी डोळे उघडले.

"हो."

"अशी भाषा मी पायली कचेरीत. ते कोनालेच येत नाही." त्यांनी माझी पेन्सिल घेतली आणि त्या ओळीवर सरळ काट मारली. कोऱ्या करकरीत अमेरिकन पुस्तकावर. मी पुस्तक ओढून घेतलं, तोवर काट मारून झाली होती. पण पुढचा सगळा खेळ त्या काटेतून निघाला.

आमच्या खेळात मग कोणालाच सगळ्यांची भाषा येत नव्हती. काकांचे नियम साधे होते. आपल्या माणसाला जी भाषा येते तीच बोलायची. समजलं नाही तर हात वर करून 'समजलं नाही' म्हणायचं, आणि असं म्हणणाऱ्याला एक गुण मिळायचा. खोटी मान डोलावणाऱ्याचा एक गुण जायचा. दोन भाषा येणारा दुभाषी होऊ शकतो, पण बोलण्याआधी त्यानं वीस तोंडांचा फासा टाकायचा. दहाच्या वर पडला तर अर्थ जसाच्या तसा पोचला. खाली पडला तर एक शब्द वाटेत सांडला, आणि कोणता तो काका ठरवणार. एक पडला तर अर्थ उलटा. "माही रोजची नौकरी हाय हे," ते म्हणायचे. "फक्त कचेरीत फासा दिसत नाही."

खेळायला माणसं हवी होती. एक मी. दुसऱ्या मिश्रा बहनजी, मुलींच्या शाळेत हिंदी शिकवायच्या. गुडघ्यांनी हैराण. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "मैं राजा बनूँगी, भैया। मुझसे चला नहीं जाता।" त्यामुळे आमच्या टोळीत कायम एक पालखीतला राजा होता. आणि तिसरी सुगुणा. खरं सांगायचं तर काकांनी सगळा डाव तिच्यासाठीच मांडला होता. ते कधी बोलले नाहीत, पण हे आम्हाला माहीत होतं.

सुगुणा त्यांची सून. मुलगा मिलिंद रेल्वेत होता. बल्लारशापलीकडच्या एका स्टेशनवर असताना त्यानं सोबतच्या एका कामगाराच्या बहिणीशी लग्न केलं. दोन्ही घरांनी मान्य केलं होतं. दिवाळीनंतर तो तिला पांढुर्ण्याला आणून सोडून गेला. क्वार्टर मिळेपर्यंत ती इथं राहणार, तो महिन्यातून एकदा येणार. तिला फक्त तेलुगू यायची. मिलिंदला स्टेशनावरची तेलुगू यायची. काका-काकूंना काहीच नाही.

पहिले काही दिवस काकू तिला हौसेनं मिरवत होत्या. मग भिंतीवरून येणारा त्यांचा आवाज बदलला. "काय सांगू वं बाई," त्या माझ्या आईला म्हणायच्या, "सोताच वाढू-वाढू म्हणते, वाढलं का ताटात टाकते. आन् मी प्रेमानं इचारायले गेली का हात धुऊन मोकळी. येवढा कायचा घमेंड म्हणते मी?" काकूंच्या घरी अन्न टाकणं ही लहान गोष्ट नव्हती. काकूंचं बालपण दुसऱ्यांच्या शेतात निंदण करण्यात गेलं होतं. ताटात उरलेला भात त्या स्वतः खाऊन टाकायच्या. सुगुणा वाळत चालली होती. संक्रांतीला तिचा भाऊ तिला माहेरी न्यायला येणार होता. काकू म्हणाल्या, "नेऊ द्या. आन् पाठवू नका म्हणा मंग. पोरगं जाईन तिकडं." काकांनी डोळे मिटून हे ऐकलं, पण शेपूट राहिलं असं ते म्हणाले नाहीत.

त्यांच्या हातात सात-आठ रविवार होते.

ते रविवार मला अजून दिसतात ते पांढरट उजेडात. जवळच जिनिंग होतं. कापसाच्या दिवसांत तिथून बारीक तंतू उडत यायचे आणि दुपारच्या उन्हात काकांच्या ओसरीवर तरंगत राहायचे, खाली यायची घाईच नसल्यासारखे. आमच्या केसांवर, नकाशावर, फाशांवर बसायचे. काका जुन्या अर्जांच्या पाठीवर कोळशानं डोंगर काढायचे आणि सांगायला लागायचे, आणि मला कळायचंही नाही केव्हा ओसरी संपून तो दुसरा देश सुरू झाला. त्यांचा अजगर तिगावच्या घाटात राहायचा. मालगाडीला मागून दुसरं इंजिन लावतात ना, तसा त्याला मागच्या बाजूनंही आवाज होता. त्यांच्या नदीवर संत्र्याच्या फुलांचा वास यायचा. आणि त्या देशात सुगुणा समुद्रापलीकडून आलेली वैद्य होती, जिची भाषा कोणालाच येत नाही.

हे ऐकून तिला कसं वाटेल याची मला भीती होती. पण झालं उलटंच. घरात न समजणं हा तिचा दोष होता. खेळात तो सगळ्यांचा नियम होता. ती हात वर करून 'समजल नाइ' म्हणायची, काका जमिनीवर तिच्या नावापुढे एक रेघ ओढायचे, आणि ती त्या रेघेकडे बघून हसायची. राजा जखमी झाला की ती भराभर तेलुगूत काहीतरी सांगायची, हातानं पाला कुटून दाखवायची, आणि मिश्रा बहनजी म्हणायच्या, "अरे, ये मुझे खिलाएगी कि लगाएगी, कोई तो बताओ।" मग मी फासा टाकायची. सुगुणा सातवीपर्यंत शिकली होती. तिला इंग्रजीचे पंधरा-वीस शब्द यायचे, म्हणून दुभाषी मी. एकदा एक पडला आणि लावायचं औषध राजाला प्यावं लागलं. त्या दिवशी सुगुणाला मी पहिल्यांदा मोठ्यानं हसताना ऐकलं. मीही बोलायला लागले होते. एल्फ कमी बोलतो, पण बोलतो तेव्हा सगळे थांबतात, असा काकांनी नियमच केला होता.

काकू खेळत नसत. दाराशी सूप घेऊन डाळ पाखडत बसायच्या. "म्हातारपणी फासे टाकून राहिले," एवढं ऐकू येईल असं म्हणायच्या. पण बसायच्या तिथंच.

संक्रांतीच्या आधीचा शेवटचा रविवार आला. बुधवारी भाऊ येणार होता. आम्ही बर्फाचा डोंगर ओलांडला होता, थकलो होतो, आणि पलीकडे काकांनी एक खानावळ काढली. राक्षसांची. दरवाजा इतका उंच की वरची कडी धुक्यात. आत चूल पेटलेली, आणि चुलीशी एक राक्षसीण. काका राक्षसीण झाले. त्यांनी नसलेला पदर खोचला, हातात घरातली रिकामी पळी घेतली आणि थेट काकूंसारखे चालायला लागले.

"माही नक्कल करून राहिले," काकू सुपाआडून म्हणाल्या.

राक्षसिणीनं आम्हाला पानं मांडली. आम्ही नसलेला भात नसलेल्या वरणात कालवून खाऊ लागलो. सुगुणाही खात होती, बोटं नीट जुळवून, खरोखर भूक असल्यासारखी. राक्षसीण पळी घेऊन तिच्यासमोर आली आणि मायेनं वाकून म्हणाली, "वाढू?"

सुगुणाचा हात मधेच थांबला. तिनं तो हवेतल्या ताटावरून उचलला, मांडीवर ठेवला आणि मान खाली घातली.

काका तसेच वाकलेले राहिले. मग पुन्हा, अगदी हळू, "वाढू?"

तिनं ताट दूर सारलं. नसलेलं ताट, पण हाताच्या त्या हालचालीत ते मला दिसलं. मग तिनं वर बघून, जवळजवळ ओठांतच, विचारलं, "वद्दु?"

काकांनी डोळे मिटले. कापसाचा एक तंतू त्यांच्या पळीवर येऊन बसला. "म्हणजे कसं?" त्यांनी विचारलं.

सुगुणानं माझ्याकडे बघितलं. मग तळहात समोर धरून नकारासारखा हलवला. "वद्दु," ती म्हणाली, आणि थांबून, सासूच्या बाजूला न बघता, "नो."

मी फासा उचलला होता. काका म्हणाले, "ठेव तो. याले फासा नाही लागत."

त्यांनी आमच्या खाऊसाठी ठेवलेली मुरमुऱ्यांची परात ओढली आणि तिच्या ओंजळीत एक मूठ टाकली. मग आणखी एक. तिसऱ्या मुठीला ती घाईनं म्हणाली, "चालु, चालु."

"चालू है तो और दो," मिश्रा बहनजी म्हणाल्या.

सुगुणानं ओंजळ दोन्ही हातांनी झाकून घेतली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसतही होती. "चालु... फुल. नो."

तेव्हा मला कळलं. तिच्या भाषेत नको म्हणायचे, पुरे म्हणायचे जे दोन शब्द होते, ते दोन्ही आमच्याकडे आणखीचे निघाले होते. ती 'वद्दु' म्हणजे नको म्हणायची आणि काकू वाढायच्या. ती 'चालु' म्हणजे पुरे म्हणायची आणि काकू पुन्हा वाढायच्या. आणि काकू जेव्हा मायेनं 'वाढू?' विचारायच्या, तेव्हा तिच्या कानावर पडायचं, खाऊ नको. ती ताटावरून उठायची. नवऱ्याला सांगितलं असतं तर एका मिनिटाचं काम होतं. पण नव्या सुनेनं सासूची चहाडी करायची नाही, एवढं शिकवूनच आईनं तिला पाठवलं होतं.

काकांनी हे काकूंना दोन वाक्यांत सांगितलं. सुपाचा आवाज केव्हाच थांबला होता.

"म्हणजे मी तिले रोज ताटावरून उठवून राहिली होती," काकू म्हणाल्या. त्या कोणाशी बोलत नव्हत्या.

त्या उठून आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला. दुपारचे चार वाजले होते, जेवायची वेळ नव्हती. बाहेर आल्या तेव्हा हातात ताट होतं, भात, वरण, मेथीची भाजी. ते त्यांनी सुगुणासमोर, आमच्या नकाशावरच ठेवलं. पहिला भात संपला. काकू पळी घेऊन उभ्या होत्या. तोंड उघडायच्या आणि मिटायच्या. आयुष्यभर वापरलेला शब्द त्यांना वापरता येत नव्हता. शेवटी त्यांनी नुसती पळी उचलली आणि भुवया वर केल्या. सुगुणानं ताट पुढे केलं.

"राजा को भी कोई पूछेगा?" मिश्रा बहनजी म्हणाल्या.

ही गोष्ट इथं थांबवली असती तर बरं झालं असतं. पण सुगुणाची पत्रं आधीच माहेरी पोचली होती. बुधवारी भाऊ आला तो गंभीर चेहऱ्यानं. तो हिंदी बोलायचा, नम्रपणे. त्याला एवढंच माहीत होतं की या घरात त्याच्या बहिणीला ताटावर बसल्यावर खाऊ नको म्हणतात. सुगुणानं त्याला बाजूला घेऊन खूप सांगितलं, हसून सांगितलं. तो ऐकत होता, पण तिच्या बारीक झालेल्या मनगटांकडे बघत होता. काकूंनी तिळाचे लाडू बांधून दिले. त्या दारात उभ्या होत्या आणि त्यांना काही विचारायचं होतं. काका तिच्या भावाला म्हणाले, "संक्रांति के बाद भेज देना।"

"देखते हैं, बाबूजी," तो म्हणाला. "घर में सब सोचेंगे।"

काकांनी याचा अर्थ काकूंना सांगितला नाही. आयुष्यात बहुधा पहिल्यांदा त्यांनी एक वाक्य मधेच ठेवून घेतलं.

संक्रांत गेली. पुढच्या रविवारी आम्ही ओसरीवर जमलो. वाटलं, खानावळीतून निघून पुढच्या दरीत जाऊ. काकांनी जुनाच नकाशा पसरला. वरणाचा एक पिवळा डाग त्यावर होता. "निघायचं नाही," ते म्हणाले. "तिचं जेवण चालू हाय."

आणि त्यांनी ती खानावळ सांगायला सुरुवात केली. त्या रविवारी भिंती सांगितल्या. पुढच्या रविवारी छत, आणि छताला टांगलेली राक्षसांची भांडी, वाऱ्यानं एकमेकांवर आपटली की कशी वाजतात ते. त्याच्या पुढच्या रविवारी बाहेर पडणारा बर्फ. तो बर्फ आमच्या ओसरीवरही पडत होता, पांढरा, हलका, न वितळणारा. आम्ही काही करत नव्हतो, कुठं जात नव्हतो. फासा कोणी टाकत नव्हतं. मिश्रा बहनजी पालखीत झोपून जायच्या. काकू आता दाराशी नाही, आमच्यात येऊन बसायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "ते राक्षसीण काय करून राहिली आता?"

"बसून हाय चुलीपाशी," काका म्हणाले.

"चूल इझू देऊ नका म्हणा तिले."

पत्र येत नव्हतं. मिलिंद येऊन गेला, तो सासरी जाऊन आला होता, पण काय ठरलं ते त्यानं नीट सांगितलं नाही. कापसाचे दिवस संपले, जिनिंग बंद झालं, ओसरीवरचा उजेड नुसता उजेड उरला. संत्र्याच्या बागा फुलल्या. मला भोपाळला एका शाळेत नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी मी भिंतीशी जाऊन सांगितलं. सगळं वाक्य एका दमात, मराठीत. काका म्हणाले, "कोनती गाडी?" मी सांगितलं. "येतो मी स्टेशनावर," ते म्हणाले, आणि मला फार बरं वाटलं.

ते खरंच आले. धुतलेला सदरा, केसांना तेल. माझे वडील बाकाजवळ सामानाशी उभे होते. काका त्यांच्याशी दोन शब्द बोलले आणि प्लॅटफॉर्मच्या टोकाशी जाऊन नागपूरच्या बाजूला बघत राहिले. गाडी आली तेव्हा ते माझ्या डब्याकडे आलेच नाहीत. मी वर चढले, सामान लावलं, दाराशी येऊन पाहिलं.

तीन डबे पुढं, सुगुणा उतरत होती. एकटी. हातात एक पत्र्याची पेटी. ती या गाडीनं येणार हे काकांना ठाऊक होतं; 'येतो' म्हणाले होते ते कोणासाठी, हे मला तेव्हा कळलं. काकांनी पेटी घेतली आणि ते चार पावलं चालले असतील नसतील, तोवर ती बोलायला लागली. किती दिवसांचं साठलेलं असेल कोण जाणे. हात हलवत, मधेच हसत, मधेच थांबून पुन्हा पहिल्यापासून. काकांनी पेटी तिथंच, प्लॅटफॉर्मच्या मधोमध खाली ठेवली. हमाल त्यांना वळसा घालून जात होते, एक चहावाला काहीतरी पुटपुटला, कोणाचं तरी पोतं त्यांच्या खांद्याला घासून गेलं. ते डोळे मिटून उभे होते.

शिटी झाली. गाडी हलली आणि त्यांच्यासमोरून सरकू लागली. मी दारातून हात केला. मग नावानं हाक मारली. त्यांनी पाहिलं नाही.

ती अजून बोलत होती.